वाकडं फिलिंग

"मार्क चांगलेत तुमचे. दातांना तारा लावायचं सोडून मृतांची ओळख पटवायची ही शाखा कशाला?" पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत सरांनी विचारलं.

मृण्मयी सांगणार, तोच शेजारच्या खोलीत ड्रिल सुरू झालं आणि नेहमीसारखा तिच्या कानाशी कुणीतरी खिदळल्याचा भास झाला.

"बरं, पहिला दात कुणाचा भरलात?"

"धाकट्या भावाचा, सर. पेशंट मिळेना, म्हणून त्यालाच खुर्चीत बसवलं. मी ड्रिल चालवत होते आणि तो खिदळत होता. फिलिंग वाकडंच झालं. 'ताई, हे महिनाभर तरी टिकेल का गं?' म्हणाला."

सर हसले. "मग, टिकलं का?"

"टिकलं, सर. त्याची गाडी जळाली, त्यातही टिकलं. शवागारात बाकी काहीच ओळखू येत नव्हतं. ते वाकडं फिलिंग बघून मीच सांगितलं, हो, हा आमचाच."