सैल मुखवटा

"हलायचं नाही हं, आजी," म्हणत यंत्रावरच्या मुलीने जाळीचा मुखवटा माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर घट्ट बसवला. "तुमच्या नाकामागच्या गाठीवर आम्ही अणूच्या पोटातले कण सोडणार. वाटेत ते फारसा त्रास देत नाहीत. जिथे थांबतात, तिथेच सगळा जोर काढतात."

"अगदी यांच्यासारखे," मुखवट्याआडून बायको पुटपुटली. "गावभर मवाळ, जोर सगळा घरी आल्यावर." मुलगी हसली. मीही हसलो.

पुढे पुढे बायकोला घास गिळवेनासा झाला. एके सकाळी मुखवटा बसवताना मुलीचं बोट गालाशी सहज आत गेलं आणि ती थबकली. "सैल झालाय, आजोबा. चेहऱ्यावर मांसच उरलं नाही. आता कण गाठ ओलांडून मेंदूत जाऊन थांबतील."

"मग नवा करा ना," मी डॉक्टरांना म्हणालो.

त्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं. "केला असता. पण कालच्या तपासणीत गाठ फुप्फुसातही दिसली. आजार पसरलाय, आता आमचं यंत्र पुरणार नाही. यांना घरी न्या."

मुखवटा त्यांनी आम्हालाच देऊन टाकला. टाकवेना, आणि कुठे ठेवावा तेही सुचेना. गौरींचे मुखवटे आम्ही जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवतो. शेवटी मी तीच ट्रंक उघडली.

बायको खाटेवरून बघत होती. "त्यांच्यात नका ठेवू," ती म्हणाली. "त्या दरवर्षी परत येतात."