पैकीच्या पैकी

ओझरच्या शाळेत उज्ज्वलाबाईंनी तीस वर्षं गणित शिकवलं, पण पैकीच्या पैकी कुणालाच दिले नाहीत. सगळी गणितं बरोबर आली तरी अक्षराचा एक मार्क जायचाच. रिटायर झाल्यावर फायब्रोमायल्जियानं अंग अंग ठणकायला लागलं, तेव्हा नाशकात एका नव्या गोळीच्या चाचणीत त्यांनी नाव घातलं. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली.

तीन महिन्यांनी बाई जिना टकाटक चढून आल्या. "गोळीला दहापैकी दहा!"

कुणाला कुठली गोळी होती, ती यादी शेवटी उघडली. डॉक्टर सोमनाथ, बाईंचाच जुना विद्यार्थी, गालातल्या गालात हसला.



"बाई, माझा अक्षराचा मार्क कापायचात, आणि कोऱ्या पेपरला पैकीच्या पैकी?"