ओळ झेलणारी

मिक्सर थांबला तशी सोनूने खिडकीवर टांगलेली गोधडी नीट ताणली आणि दार लावून घेतलं. खरवईत त्यांच्या घराला लागून सात मजली इमारत चढत होती. सिमेंट कालवणारं ते धूड सकाळपासून घरघरत असे. एक ते दोन मजूर जेवायला बसत, तेवढाच काय तो निवांतपणा. सोनूचं गाणं त्या तासात रेकॉर्ड व्हायचं होतं.

बाहेर ओट्यावर तिची आजी, बनूबाई, पहाऱ्याला बसली होती. नातीने काम नेमून दिलं होतं: कोणाला बोलू द्यायचं नाही, भांडं वाजू द्यायचं नाही, कोंबड्या हाकलायच्या त्याही मुक्याने. शेजारचा बुधाजी झोपेतही बोलतो असं गाव म्हणे. त्याला तिने समोर बसवून नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं होतं.

आज चुकून चालणार नव्हतं. मांजर्लीत संध्याकाळी हळद होती, लग्नसराईतली पहिली. चारच्या आत गाणं पाठव, मी लावतो, असं नाथा डीजेने कबूल केलं होतं. हळदीत लोक एकदा का नाचले की गाणं गावोगाव जातं. नाही तर मोबाइलवर आत्या-मावश्या ऐकतात, छान म्हणतात, आणि ते तिथेच राहतं. सोनूची आधीची दोन गाणी तशीच राहिली होती.

शब्द तिचे, चाल तिची. मोरिवलीच्या कारखान्यात पहाटेची पाळी करायची, दुपारी घरी येऊन भात खायचा आणि कान झाकून मोबाइलवर ताल जुळवत बसायचं. माइक उल्हासनगरहून आणला. तो जोडायचा कसा हे विचारायला ती तीन रविवार सिंधी दुकानदाराकडे गेली, तेव्हा तो म्हणाला, बेटी, अब तू ही दुकान संभाल. एका कंपनीवाल्याने गाणं घेतो म्हटलं होतं, पण त्याला शब्द बदलून हवे होते. हिने दिले नाहीत. आज तिने पाळीला खाडा केला होता.

बनूबाईला यात नवल वाटत नव्हतं. ती धवलारीण. तिच्या काळी हळदीपासून लग्न लागेपर्यंत सगळं धवलारणीच्या गाण्यावर चाले. ते गाणं शिकायचं म्हणजे भाताची झोडणी उरकून जनी या थोरल्या धवलारणीच्या मागे मागे गावोगाव पायी हिंडायचं. एकीने ओळ म्हणायची. तिचा श्वास संपत आला की दुसरीने शेवटचा शब्द झेलायचा. मांडवात गाणं खाली पडता कामा नये, एवढा एकच कायदा. बनूबाईने आठ वर्षं नुसतं झेललं, मग कुठे जनीने तिला पहिली ओळ म्हणू दिली. जनी गेली आणि बनूबाईने गाणं ठेवून दिलं.

आत सोनू तिसऱ्यांदा म्हणत होती. पहिल्या वेळी कावळा आडवा आला, दुसऱ्या वेळी बुधाजीचा खोकला. आता मात्र आवाज मोकळा सुटला होता. शेवटचं कडवं आलं. त्यातली ती लांब ओळ आली. सोनूचा श्वास ओळीच्या टोकाशी बारीक झाला, आणि ओट्यावर बनूबाईचा गळा आपसूक उघडला. शेवटचा शब्द तिने अलगद झेलला, जरा तोलला आणि पुढे सोडून दिला.

मग तिला कळलं.

दार उघडलं. सोनूचे डोळे भरले होते. ती ओरडली नाही.

"आजी, तू पहाऱ्याला बसली होतीस ना?"

"चुकला गो बाय माजा," बनूबाई म्हणाली. "परत नाय व्हायचा."

आपल्या खोकल्याला न्याय मिळाल्याचं बुधाजीच्या तोंडावर दिसत होतं.

दोनला वीस मिनिटं उरली होती. दार पुन्हा लागलं. बनूबाईने पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. गाणं सुरू झालं. कडवं आलं. लांब ओळ आली. म्हातारीने दोन्ही गुडघे घट्ट धरले. ओळ टोकाला गेली, विरली, संपली. क्षणभर काहीच नव्हतं. मग सोनूने पुढची ओळ उचलली आणि शेवटपर्यंत नेली. कावळा नाही, खोकला नाही. बनूबाईने मनातल्या मनात हात जोडले.

सोनू हेडफोन लावूनच बाहेर आली. उंबऱ्यावर बसून तिने ते ऐकलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग आधीचं बिघडलेलंही लावलं. आजीचा आवाज त्यात भिंतीपलीकडून, विहिरीतून आल्यासारखा येत होता. पण त्या जागी सोनूची मान डोलली. तिने घड्याळ पाहिलं. दोनला दहा.

"आबा," ती बुधाजीला म्हणाली, "त्या मिक्सरवाल्याकडे जा. मी हाक मारेपर्यंत त्याला उठू देऊ नको. बोलत बस."

"काय बोलू?"

"काय पण."

बुधाजी काठी टेकत निघाला तो वरातीला निघाल्यासारखा.

सोनू आजीसमोर उकिडवी बसली. "गाणं खाली पडतंय गं तिथं."

बनूबाई जोरजोराने मान हलवून नाही म्हणत होती. तोंडात पदर, बोलणार कशी. सोनूने तो हळूहळू ओढून बाहेर काढला, ओला बोळा उलगडून तिच्या खांद्यावर सारखा केला, आणि हाताला धरून तिला आत नेऊन दार लावून घेतलं.