खांबाला ओरडता येत नाही

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण जावई दात काढून घ्यायला दवाखान्यात गेला, तेव्हा त्याच्या नव्या मोटरसायकलीची कुलपाची साखळी मी खांबाऐवजी स्वतःच्या पायाला बांधली. खांबाला थोडंच ओरडता येतं? मग काय, चोर आला तर त्याला मलाही मागे बसवून न्यावं लागलं. "गिअर बदल, हॉर्न वाजव, अरे खड्डा बघ!" वाटभर माझं चालूच. चौथ्या चौकात त्यानं हात जोडले. "काका, टाकी फुल करून देतो, पण मला सोडा!"

जावयानं तोंडातला कापूस काढला, माझ्या मांडीवरची साखळी उचलली.

"मामा, या साखळीची पिशवीसुद्धा फोडलेली नाही. गाडी कुठाय?"