आधीचा श्वास

तिसऱ्यांदाही सुरुवात फसली. नव्या रचनेचा आरंभच मुळी अवघड: गज तारांवर अधांतरी धरून चौघांनी गप्प बसायचं, कुणी ताल द्यायचा नाही, आणि मग एकदम, एका क्षणी, पहिला सूर. तो जिन्यावरून घरंगळलेल्या भांड्यांसारखा वाजला.

"चेलो मागे राहतोय," तिचे दीर म्हणाले. पहिलं व्हायोलिन त्यांचं, आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

"काका, मी तुमच्या गजाकडेच बघतेय हो," चेलोवाली मुलगी म्हणाली. बिचारी नवी होती. सुरात चोख, पण एरवी तोंडातून ब्र काढत नसे.

"बघून काय होतंय?" व्हायोलावाले मास्तर पुटपुटले. "आपण आधी कधी बघत होतो?"

दुसरं व्हायोलिन मांडीवर आडवं घेऊन बसलेल्या तिला उत्तर ठाऊक होतं. गेल्या वर्षापर्यंत या चौकडीचा चेलो तिचा नवरा वाजवायचा. चांडाळचौकडी म्हणायचा तो. त्याला बारा महिने सर्दी. सूर लावायच्या आधी नाकातून असा काही सुर्रकन श्वास ओढायचा, की पहिल्या रांगेतली माणसं दचकायची आणि हे तिघे बिनचूक सुटायचे. "अरे, चारचौघांत बसलोय आपण!" म्हणून तिने जन्मभर त्याचा जीव खाल्ला. रेकॉर्डिंग असलं की घरून निघतानाच त्याच्या हातात रुमाल कोंबायची.

दीरांनी व्हायोलिन खाली ठेवलं. "वहिनी, स्पष्टच सांगतो. आज पुन्हा असंच झालं, तर हा आपला शेवटचा कार्यक्रम. ओढूनताणून किती दिवस रेटायचं?"

"बरं, भाऊजी," ती म्हणाली. वाद घालायचं त्राणच नव्हतं. क्षणभर तर हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. त्याचे कपडे केव्हाच देऊन झाले होते. दीरांनी तर वर्षभरात सख्ख्या भावाचा साधा उल्लेखही केला नव्हता. चौकडी मोडली की त्याचं म्हणून काहीच उरणार नव्हतं.

संध्याकाळचा महोत्सव कुणा शिल्पकाराच्या स्मरणार्थ होता. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे तर अख्खा घाणाच लावला होता. एकाने आठवणी सांगितल्या, दुसऱ्याने त्याच पुन्हा सांगितल्या, तिसरा कागद चष्म्यापाशी नेऊन बराच वेळ काही शोधत राहिला. पडद्याआड उभी राहून राहून तिचे पाय भरून आले. लोकांच्या गेलेल्या माणसाबद्दल तरी किती ऐकायचं!

अखेर चौघं जाऊन बसली. गज वर झाले. सभागृहात कुणीतरी खोकलं, मग तेही थांबलं. मुलीचे डोळे दीरांच्या गजाच्या टोकाला चिकटले होते. आता पुन्हा फसणार, हे तिला दिसतच होतं.

आणि तिच्याच नाकातून तो आवाज निघाला. सुर्रकन, भर सभागृहात. तिने काही ठरवलं नव्हतं.

चारही गज एकदम तारांवर आले. सूर असा उमटला, की मास्तरांनी मान खाली घालून डोळे मिटले. दीरांनी वाजवता वाजवता झटकन चेलोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

मागच्या खोलीत ती खुर्चीत कोसळलीच. मागोमाग रेकॉर्डिंगवाला आला. "झकास झालं! फक्त सुरुवातीला कुणाचं तरी नाक वाजलंय. काढून टाकतो, कुणाला पत्ताही लागणार नाही."

"काढायचं नाही," दीर म्हणाले. ते पाठमोरे उभे राहून व्हायोलिन पुसत होते.

काय एकेक माणसं असतात, असं तोंड करून तो गेला.

मुलगी चेलोच्या खोळीची चेन लावत होती. ती मध्येच थांबली. "काकू, पुढच्या वेळी तो श्वास मी घेऊ? मास्तर म्हणत होते, चेलोचाच असायचा ना तो?"

"घे की. पण त्याला बारा महिने सर्दी लागते बाई." तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. पुसायचाही कंटाळा आला होता.

मुलीने पाठ ताठ केली आणि हलकेच, अगदी पाहुण्यांच्या घरी घ्यावा तसा, नाकातून श्वास ओढला.

व्हायोलिनच्या पेटीच्या कडीवर दीरांचा हात थांबला.

"छे," ते म्हणाले. "दादा इतका सभ्य नव्हता. जोरात घे."