वेगळी बादली

"एकही ठिपका नाही," अनंत काचेला नाक लावून म्हणाला. "आज सोडू या मोठ्या टाकीत."

श्यामलाबाईंनी चष्मा पुसून स्वतः खात्री करून घेतली. मागच्या खोलीतल्या लहान टाकीत हळदीसारखा पिवळा मासा एकटाच फिरत होता. वाघोलीच्या मच्छिंद्रच्या दुकानातून आणला, तेव्हा त्याच्या अंगावर रवा चिकटल्यासारखे पांढरे ठिपके होते. खाऱ्या पाण्यातल्या माशांना लागणारा हा किडा. कातडीत शिरतो, फुगतो, गळून तळाशी पडतो, तिथं वाढतो आणि पुन्हा मासा शोधतो. अनंतनं तांब्याचं औषध थेंब मोजून घातलं होतं, रोज पाणी तपासलं होतं. या टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी. ठिपके गेल्यावर औषध बंद करून तो आणखी महिनाभर थांबला होता.

"माझ्या ठसक्याला कधी पाणी विचारत नाहीस," श्यामलाबाई म्हणाल्या. "माशाचं मात्र रोज तपासतोस."

"तुला दाखवायला चल म्हटलं की तू येत नाहीस."

"खोकल्याला काय दाखवायचं? तुझ्या बाबांच्या दम्यात रात्र रात्र उशाशी बसले, ती जागरणं बाधलीत." त्यांनी ज्येष्ठमधाची काडी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "आणि नव्याला आधी वेगळं ठेव, हे मी सांगितलं म्हणून वाचला तो."

ते खरं होतं. आधीचे दोन मासे अनंतनं आणले तसे दिवाणखान्यातल्या मोठ्या टाकीत सोडले होते. दोन्ही ठिपक्यांनी मेले. त्या टाकीत आता एकच मासा उरला होता. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, चांगला जाडजूड. सकाळी खाणं मागताना तो कुणाला तरी दम देतोय असं वाटे, म्हणून हेमानं त्याचं नाव आप्पासाहेब ठेवलं होतं. हेमा गेली. आप्पासाहेबांना रोज खाऊ घालायचं काम श्यामलाबाईंनी कुणी न सांगता आपल्याकडे घेतलं.

हेमा अनंतची बायको. मांजरी गावची, ऊसवाल्यांच्या घरातली, मोठ्यानं हसणारी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला संध्याकाळचा ताप येऊ लागला. मग थुंकीतून रक्त आलं. क्षय निघाला. त्याच दिवशी श्यामलाबाईंनी तिचं ताट, वाटी, पेला आणि न्हाणीघरातली बादली वेगळी काढली. पुढच्या आठवड्यात तिला माहेरी पाठवलं. न्यायला आलेल्या तिच्या वडिलांना, सोनबांना, त्यांनी दारातच ऐकवलं, "आमच्या घरात हे कधी कुणाला नव्हतं."

सोनबा मान खाली घालून म्हणाले होते, "आमच्यातबी कुणाला न्हाई, बाई."

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितलं होतं. अनंत जाऊन आला. त्याला काही निघालं नाही. श्यामलाबाई गेल्या नाहीत. "रोग आणला तिनं आणि छातीचा फोटो काढायचा माझा?"

हेमा माहेरीच वारली. तिचा पेला अजून माळ्यावर होता. तो टाकून द्यायला श्यामलाबाईंचा हात होत नव्हता.

आता अनंतचं प्रेमलाशी ठरत होतं. मुलगी गुणी होती, नोकरी करणारी. श्यामलाबाईंनी पत्रिका मागितली नाही, छातीचा फोटो मागितला. प्रेमलाच्या वडिलांना ते लागलं असावं, पण त्यांनी तो पाठवला. स्वच्छ होता.

अनंतनं पिवळ्याला अलगद मोठ्या टाकीत सोडलं. आप्पासाहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि ते आपल्या कोपऱ्यात जाऊन बसले.

"आता त्यांना सोबत झाली," श्यामलाबाई म्हणाल्या. अनंतच्या तोंडावर त्यांना किती तरी दिवसांनी हसू दिसलं.

रविवारी संध्याकाळी प्रेमला आई-वडिलांबरोबर यायची होती. श्यामलाबाई पोह्यांना फोडणी घालत होत्या. ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना. त्यांनी पदर तोंडाशी धरला. बाहेरून अनंतनं हाक मारली.

पिवळा मासा दगडावर अंग घासत होता. अंगभर रवा.

श्यामलाबाई बाहेर येऊन काचेशी वाकल्या. "त्या मच्छिंद्रला फोन कर. चांगला फैलावर घे. रोगट माल विकतो मेला."

"त्याचा काय संबंध, आई? हा दुकानातून नाही आला, मागच्या खोलीतून आला. तिथं महिनाभर औषधाशिवाय ठणठणीत होता."

"मग रोग आला कुठून?"

अनंतनं टाकीकडे बोट केलं. आप्पासाहेब काचेशी येऊन तोंड उघडझाप करत खाणं मागत होते.

"यांच्याकडून," तो म्हणाला. "यांच्या कल्ल्यांत असणार, आधीपासून. यांना सवय झालीय, म्हणून दिसत नाही. जो नवा येतो, त्याला होतं. आणि आपण वेगळं ठेवतो ते नव्यालाच."

"काहीतरीच. इतकी वर्षं आहेत ते घरात. कधी शिंकले नाहीत."

"तेच म्हणतोय मी."

दाराची घंटा वाजली. श्यामलाबाईंनी पदर सावरला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि कडीला हात घातला. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. दुसरा हात त्यांनी दाराला टेकवला. पलीकडे प्रेमलाचा आवाज ऐकू येत होता.

पाठीमागून अनंत आला. त्यानं त्यांचा हात कडीवरून हळूच काढून घेतला.

"आई," तो म्हणाला, "हा खोकला हेमा यायच्या आधीपासूनचा ना?"