गाळलेल्या ओळी

चुंबनाची ओळ आली तशी सुलभाबाईंनी घाईने पान उलटलं. लॅटिन प्रेमकविता शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण यंदा वर्गात एकट्या सिस्टर फिलोमिना होत्या, वसईच्या नन. त्या बिचकून निघून गेल्या तर विषयच बंद पडणार होता.

"बाई, तुम्ही गाळता त्या ओळी मी कॉन्व्हेंटमध्ये वाचते," सिस्टर म्हणाल्या.

बाईंचा चेहरा उतरला. "मग उद्यापासून येणार नाही?"

"न येऊन कसं चालेल? त्यांतलं व्याकरण मला एकटीला सुटत नाही."

बाई खळखळून हसल्या. त्यांनी खुर्ची ओढून सिस्टरांच्या शेजारी मांडली आणि पहिल्या कवितेपासून, एकही शब्द न वगळता, पुन्हा वाचायला सुरुवात केली.